त्रिज्येतले तीन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आमच्या घरी वर्तुळ काढायचे ते बांगडीने. वहीच्या पानावर अम्मीची बांगडी ठेवायची, भोवतीने पेन्सिल फिरवायची, की झाले वर्तुळ. बांगडी फुटेल म्हणून अम्मी ओरडायची, ते वेगळे. उर्दू शाळेत आम्हाला शिकवले की या आकाराला म्हणायचे 'दायरा'. मधल्या टिंबाला 'मरकज', मधून आरपार जाणाऱ्या रेषेला 'कुतर', तिच्या निम्म्याला 'निस्फ कुतर', काठावरच्या दोन टिंबांना जोडणाऱ्या रेषेला 'वतर', काठाच्या तुकड्याला 'कौस' आणि सबंध काठाच्या लांबीला 'मुहीत'. सातवीपर्यंत हे सगळे शब्द तोंडपाठ होते.

माझ्याआधी चार वर्षे माझी मोठी बहीण, आमची आपा, हेच शब्द पाठ करून त्या शाळेतून बाहेर पडली होती. हिशेबात तिचा हात धरणारे गल्लीत कोणी नव्हते. किराणा दुकानदार उधारीची बेरीज तिच्याकडून तपासून घ्यायचा. शहरात मुलींसाठी उर्दू हायस्कूल होते, पण आमच्या वस्तीपासून लांब. मराठी शाळा दोन गल्ल्या सोडून. अब्बांनी तिचे नाव तिथे घातले.

सहामाहीच्या पेपरात प्रश्न आला : एका वर्तुळाची त्रिज्या 7 सेंटिमीटर आहे, तर परीघ काढा. आपाला 22 भागिले 7 ठाऊक होते. गुणाकार तिला तोंडी यायचे. तिला ठाऊक नव्हते ते एवढेच की, त्रिज्या म्हणजे काय आणि परीघ म्हणजे काय. तिने शेजारच्या मुलीला हळूच विचारले, "त्रिज्या मतलब?" वर्गावर जे कोणी होते त्यांना वाटले, कॉपी चालली आहे. पेपर काढून घेतला गेला. वर, एवढे साधे मराठी येत नाही तर इथे कशाला आलीस, असे काहीतरी बोलणेही झाले. वार्षिक परीक्षेनंतर आपा पुन्हा शाळेत गेली नाही. अब्बांनी कुठूनशी एक जुनी शिलाई मशीन आणून दिली.

चार वर्षांनी माझी पाळी आली. माझी शाळा दुसरी होती, पण भाषा तीच. भूमितीचा तास सुरू झाला की मला वाटायचे, आपण चुकून पुराणाच्या तासाला येऊन बसलो. आधी व्यास आले. मग काटकोन त्रिकोणात कर्ण आला. वर्तुळाच्या काठावर साक्षात कंस निघाला. आणि जीवा म्हटल्यावर तर माझ्या डोळ्यांपुढे थेट प्रतापगडावरचा जिवा महाला उभा राहिला. मुले हसायची तशी मीही हसलो असतो, पण मला खरोखरच कळत नव्हते.

आमच्या सुदैवाने वर्गावर एक म्हातारे सर होते. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली, डोक्यावर काळी टोपी, खडूने पांढरी झालेली बाही. माझा कोरा चेहरा पाहून त्यांनी मला फळ्याजवळ बोलावले आणि भर वर्गात म्हणाले, "त्रिज्या म्हणजे निस्फ कुतर. व्यास म्हणजे कुतर. जीवा म्हणजे वतर. आता समजलं?" सगळा वर्ग त्यांच्याकडे बघतच राहिला. सर पक्के मराठी घरातले, घरी गणपती बसणारे. त्यांच्या तोंडी हे शब्द कुठून आले? ते म्हणाले, "अरे, मी स्वतः भूमिती उर्दूतच शिकलो. पुढे मराठीत शिकवायची वेळ आली, तेव्हा रात्री कंदील लावून मीच शब्द पाठ केले. तुझ्यासारखाच."

आजच्या तरुण वाचकांना हे थोडे उलगडून सांगायला हवे. 17 सप्टेंबर 1948पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाची कारभाराची भाषा उर्दू. 1917 साली हैदराबादेत दारुत्तर्जुमा, म्हणजे भाषांतराचे खाते निघाले आणि 1918 साली उस्मानिया विद्यापीठ. तिथे वैद्यक आणि इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूत शिकवत. देशी भाषेत एवढे उच्च शिक्षण देण्याचा प्रयोग तेव्हा हिंदुस्थानात नवा होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याची दुसरी बाजूही होती. ती भाषा संस्थानातल्या बहुसंख्य मुलांच्या घरातली नव्हती. मराठी, तेलुगू, कानडी बोलणारी मुले वरच्या वर्गात गेली की त्रिकोणाला 'मुसल्लस' आणि कोनाला 'जाविया' म्हणू लागत. आमच्या सरांच्या पिढीतली कितीतरी मुले तिथे अडखळली असतील, पुढे शाळेत गेलीही नसतील. आपाचे जे 1970च्या दशकात झाले, तेच उलट बाजूने त्यांचे चाळीस वर्षांआधी होत होते. याची नोंद कुठल्या इतिहासात सापडत नाही, कारण शाळा सोडलेली मुले आत्मचरित्रे लिहीत नाहीत.

या सगळ्यात आपल्या शहराचा, तेव्हाच्या औरंगाबादचा, मोठा वाटा आहे. मौलवी अब्दुल हक इथे शिक्षणखात्यात अधिकारी होते, पुढे इथल्या इंटरमीजिएट कॉलेजचे प्राचार्य झाले. 1923 साली निघालेले ते कॉलेज म्हणजेच आपले आजचे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय. दारुत्तर्जुम्याचे पहिले प्रमुखही तेच. 1912 साली 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' या संस्थेची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि पुढची पंचवीसेक वर्षे, दिल्लीला जाईपर्यंत, ती संस्था याच गावातून चालली. 1921 साली तिने वहीदुद्दीन सलीम यांचे 'वज-ए-इस्तिलाहात' हे पुस्तक काढले. शास्त्राचे शब्द कसे घडवावेत, हा त्याचा विषय. सलीमसाहेबांचे म्हणणे असे की, प्रत्येक शब्दासाठी अरबीकडे धावू नका. उर्दू जिच्या पोटची आहे त्या हिंदी बोलीकडेही बघा, तिचे प्रत्यय वापरा. यावर तेव्हा चांगलीच खडाजंगी झाली. मराठीत संस्कृतनिष्ठ की सोपी परिभाषा, हा वाद आपण अजून घालतो आहोत, त्याची ही सख्खी बहीण म्हणायची.

मराठीत हे काम त्याच्याही शंभर वर्षे आधी मुंबईत सुरू झाले होते. 1820च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांनी इंग्रजी पुस्तकांवरून गणिताची मराठी पुस्तके तयार केली. म्हणजे विद्वानांनी दोन्हीकडे दिवे जाळले. मात्र वर्तुळाचे शब्द कोणालाच घडवावे लागले नाहीत. ते दोन्ही घरांत हजार वर्षांपासून तयार होते.

ते कसे, हे मला त्या सरांनी फळ्यावर दाखवले. त्यांनी एक वर्तुळ काढले, त्यात एक आडवी जीवा ओढली आणि खालचा भाग हाताने पुसून टाकला. वर वाकलेला काठ राहिला, खाली ताणलेली रेषा. "हे काय दिसतं?" मी म्हणालो, "दादांची कमान."

सर हसले, पण माझे उत्तर बरोबर होते. आम्ही पिंजारी. माझे आजोबा, म्हणजे आमचे दादा, गावोगाव हिंडून गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचे. त्यांच्या खांद्यावर माणसाएवढी लाकडी कमान असे आणि तिला ताणून बांधलेली तात. तात म्हणजे जनावराच्या आतड्याची दोरी. डमरूच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्याने तातेवर मारले की तुंई तुंई असा आवाज घुमायचा आणि कापूस बर्फासारखा उडायचा. सरांनी फळ्यावर काढले होते ते तेच होते. वाकलेले लाकूड म्हणजे कौस, दोरी म्हणजे वतर.

अरबीत कौस म्हणजे धनुष्य आणि वतर म्हणजे धनुष्याची दोरी. आता मराठीकडे बघा. जीवा हे संस्कृत, तिचेच दुसरे नाव ज्या, आणि अर्थ धनुष्याची दोरीच. जुन्या ग्रंथांत वर्तुळाच्या तुकड्याला चाप म्हणतात, तेही धनुष्यच. दोरीच्या मध्यापासून कमानीपर्यंतच्या अंतराला संस्कृतात शर, म्हणजे बाण. अरबीत सहम, म्हणजे बाण. आभाळातल्या सात रंगांच्या कमानीला मराठीत इंद्रधनुष्य म्हणतात आणि उर्दूत कौस-ए-कुजह. तिथेही दोघांना धनुष्यच दिसले. ज्या शब्दांमुळे माझ्या बहिणीची शाळा सुटली, ते दोन्ही एकाच धनुष्याची दोरी होते.

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. गणितात माझी गती यथातथाच. पण शब्दांचा नाद मला तेव्हापासून लागला तो लागलाच. त्रिज्या या शब्दाने मला बरीच वर्षे छळले. व्यासाच्या निम्मी असलेल्या रेषेत 'तीन' कुठून आले? कोणी मास्तर सांगेना. पुढे वाचताना उलगडले. आपल्या जुन्या ज्योतिषांनी आकाशाच्या वर्तुळाच्या बारा राशी केल्या. एक रास 30 अंशांची. तीन राशी म्हणजे 90 अंश, म्हणजे वर्तुळाचा बरोबर चौथा हिस्सा. आर्यभटाने 499 साली पूर्ण दोरीऐवजी अर्ध्या दोरीची, अर्धज्येची, कोष्टके दिली. पुढे त्या अर्ध्या दोरीलाच सुटसुटीतपणे ज्या म्हणू लागले. कोन वाढवत न्यावा तशी ही ज्या वाढत जाते, आणि तीन राशींना, म्हणजे 90 अंशांना, ती सर्वांत लांब होते. किती लांब? बरोबर केंद्रापासून काठापर्यंत. म्हणून ती तीन राशींची ज्या, त्रिज्या. आकाश मोजणाऱ्या माणसांचा शब्द आपण आठवीच्या पोरांना पाठ करायला देतो, आणि त्यातले आकाश सांगायचे विसरतो.

हीच ज्या पुढे परदेशी गेली. आठव्या शतकात बगदादच्या खलिफांच्या दरबारात भारतीय ज्योतिषाचे ग्रंथ पोचले, त्यांचे अरबीत रूपांतर झाले. जीवा या शब्दाला अरबी प्रतिशब्द न शोधता त्यांनी तो तसाच उचलला. लिहिला जीम, ये आणि बे या तीन अक्षरांनी. पण अरबीत स्वरांच्या खुणा बहुधा लिहीत नाहीत, आणि ही तीन अक्षरे 'जैब' अशीही वाचता येतात. जैब म्हणजे अंगरख्याचा गळ्याजवळचा उघडा भाग, घडी. उर्दूतली खिशाची 'जेब' ती हीच. (आपला खिसाही तिकडूनच आलेला, पण ते असो.) बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथांचे लॅटिन भाषांतर झाले, तेव्हा भाषांतरकारांनी जैबचा अर्थ घेतला आणि लिहिले 'सायनस', म्हणजे वस्त्राची घडी. त्याचेच पुढे 'साइन' झाले. आज दहावीतला मुलगा साइन थीटा लिहितो, तेव्हा तो चुकून वाचलेली जीवाच लिहीत असतो.

स्पेनमध्ये हे चालले होते त्याच शतकात आपल्याकडे भास्कराचार्य लिहीत होते. जन्म 1114चा, 'लीलावती' 1150ची. सह्याद्रीच्या कुशीतले आपले गाव त्यांनी विज्जलविड म्हणून सांगितले आहे. ते नेमके कोणते, यावर विद्वान भांडतात. मी त्यात पडत नाही. पण कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की पाटणादेवीचे ठाणे लागते, तिथला शिलालेख मात्र निर्विवाद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 साली तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणला मठ काढला. 1207च्या सुमारास सोइदेव निकुंभाने त्या मठाला दान दिले, त्याचा हा लेख. बराचसा संस्कृत आहे, पण बाजारातल्या मालावरचा कोणता कर मठाला द्यायचा, हा व्यवहाराचा भाग मराठीत कोरला आहे. सातआठशे वर्षांपूर्वी या डोंगरात गणिताची शाळा होती आणि तिचा खर्च बाजारातून निघत होता. सिंघणाची देवगिरी म्हणजे आपला दौलताबादचा किल्ला, शहरातून अर्ध्या तासाची वाट.

लीलावतीत वर्तुळाचे गणित आहे. व्यासाला 3927ने गुणा, 1250ने भागा, परीघ येतो, हे सूक्ष्म माप. नुसत्या व्यवहारापुरते हवे असेल तर 22 भागिले 7. आजही मुले हेच करतात.

1587 साली अकबराच्या सांगण्यावरून फैजीने लीलावती फारसीत नेली. फैजी मूळचा कवी, म्हणून मला त्याच्याविषयी जरा जास्त जिव्हाळा. भास्कराचार्यांच्या मुलीची ती गोष्ट आठवते ना? लग्नाचा मुहूर्त पाहण्यासाठी घटिकापात्र लावलेले, ती वाकून बघायला गेली आणि वस्त्रावरचा मोती पात्रात पडून भोक बुजले, वेळ टळून गेली. मग बापाने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. मराठी घराघरांत सांगितली जाणारी ही गोष्ट आपल्याला मिळाली ती फैजीच्या फारसी प्रस्तावनेतून. पुढे 1591 साली फैजी अकबराचा वकील म्हणून खानदेश आणि अहमदनगरच्या दरबारांकडे आला. ज्यांचे पुस्तक त्याने भाषांतरित केले, त्यांच्या मुलखाच्या आसपास तो हिंडून गेला.

पण याहून जवळची एक गोष्ट आहे. बीबीच्या मकबऱ्याला आपण पाहुणे घेऊन जातो, फोटो काढतो, ताजमहालाची नक्कल म्हणून हळहळतो आणि परत येतो. मकबऱ्याच्या दरवाजावरील लेखात तो उभारणाऱ्यांची नावे आहेत, वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय. हे काम 1660-61 मधले. हा अताउल्लाह म्हणजे ताजमहालाचे वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. आणि त्यानेच मकबऱ्याच्या सुमारे पंचवीस वर्षे आधी, 1634-35च्या सुमारास, भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'चे फारसीत भाषांतर केले होते. मकबऱ्याचा घुमट ज्याने आखला, तो संस्कृत गणित वाचलेला माणूस होता. मला हे कळले तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. लहानपणापासून मी त्या घुमटाकडे बघत होतो.

वाहतूक एकाच बाजूने चालली होती असे मात्र नाही. जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या पदरी सम्राट जगन्नाथ नावाचे पंडित होते, मूळचे महाराष्ट्रातले मानले जातात. त्यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली, 'रेखागणित' या नावाने. आणली कुठून? ग्रीकातून नव्हे, नसीरुद्दीन तूसीच्या अरबी प्रतीवरून. एका मराठी पंडिताने अरबी शिकून ग्रीक ज्ञान संस्कृतात घातले! कोणता शब्द आपला आणि कोणता परका, हे ठरवायला बसलेल्या माणसाने ही साखळी हातात धरून बघावी. आपण ज्याला अगदी अस्सल समजतो तो 'केंद्र' हा शब्दच मूळचा ग्रीक. अर्थ टोचणी, अणकुचीदार टोक; कंपासचे टोक जिथे रुतते ती जागा. आणि मरकज? भाला जमिनीत रोवण्याचा जो अरबी धातू, त्यातून आलेला. म्हणजे इथेही एकाने टोक रोवले, दुसऱ्याने भाला. मुलांच्या कंपासपेटीतला 'गुण्या' आपण गवंड्याकडून घेतला, गवंड्याने फारसीतून, फारसीने ग्रीकमधल्या कोनावरून. आणि आपल्या दरवाजांच्या शहरात मलिक अंबरच्या भडकल दरवाजापासून जेवढ्या म्हणून कमानी आहेत, त्या सगळ्यांना आपण मराठीत जे नाव देतो, 'कमान', तेही फारसीतले धनुष्यच.

आता काळ बदलला आहे. बालभारतीची पुस्तके मराठीतही निघतात, उर्दूतही. त्यात दोन्हीकडचे शब्द शेजारी शेजारी छापायला एक पान पुरेल. माझे म्हणणे शिक्षक मित्रांना मी नेहमी सांगतो, ते हो म्हणतात आणि अभ्यासक्रम पुरा करायच्या घाईला लागतात. त्यांचाही दोष नाही. शिवाय आता तिसरी ओळ आली आहे, सेमी इंग्रजीची. मुले रेडियस, कॉर्ड आणि आर्क म्हणतात. तेही बघून ठेवले. आर्क म्हणजे लॅटिनमध्ये धनुष्य. रेडियस म्हणजे चाकाचा आरा. आणि कॉर्ड हा ग्रीक शब्द, त्याचा मूळ अर्थ आतडे, आतड्याची दोरी. दादांची तातच की ती!

आपा आज साठी ओलांडून गेली आहे. पोटापुरते शिवता शिवता तिने तीन मुलांची शिक्षणे केली. अंब्रेला कटचा घेरदार कुर्ता शिवावा तर तिनेच. परवा तिच्याकडे गेलो तेव्हा तिच्यापुढे कापड पसरलेले होते. आठवीतली नात शेजारी वही घेऊन बसलेली, रेडियस, डायमीटर घोकत. मी आपाला विचारले, कमरेचे भोक किती कापायचे हे कसे ठरवतेस? ती म्हणाली, "तीस कंबर ना? सहाने भाग. पाच आले. त्यातून पाव इंच कमी धर." म्हणजे पावणेपाच. मी तिच्या नातीच्या वहीत भास्कराचार्यांच्या 3927 आणि 1250ने तेच गणित करून पाहिले. उत्तर आले 4.775. फरक इंचाच्या चाळिसाव्या हिश्शाएवढा. तो शिवणीत जातो.

मग मी तिला त्रिज्या सांगितली. राशी तिला पटेनात, म्हणून म्हणालो, बारा महिने धर. हे सगळे गोल कापड म्हणजे बारा महिने. तिने कापडाची एक घडी घातली. सहा. दुसरी घातली. तीन. घडीच्या टोकाला टेप लावून तिने काठापर्यंत खडूने रेघ ओढली आणि तिच्याकडे बघत थोडा वेळ थांबली.

"सात सेंटिमीटर होती ती," आपा म्हणाली. "चव्वेचाळीस."

आणि कात्री उचलून नातीला म्हणाली, "ते टोक धर गं जरा."